अ‍ॅक्युट केअरमध्ये काम करायचंय? नर्सेसचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नवीन बॅच जॉइन झाली की साधारण तेच प्रश्न येतात, कोणी कॅन्टीनमध्ये विचारतं, कोणी रात्री २ वाजता स्टेशनवर चार्ट लिहिता लिहिता, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी पुण्यात १७ वर्षं नर्स आहे, त्यातली १२ आयसीयू आणि कॅज्युअल्टीत गेली. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल असेल तो पहिला, हे त्याच्या जोडीला वाचा.

अ‍ॅक्युट केअर म्हणजे आयसीयूच ना?

फक्त आयसीयू नाही. कॅज्युअल्टी आली, एचडीयू (आयसीयूच्या एक पायरी खालचं युनिट) आलं, ऑपरेशननंतरची रिकव्हरी आली, आणि जनरल वॉर्डातला तो पेशंट पण आला जो संध्याकाळी मस्त चहा प्यायला आणि रात्री १२ ला घामाने भिजून बसलाय. ज्याची तब्येत तासातासाला बदलू शकते तो अ‍ॅक्युट, मग तो कुठल्या का बेडवर असेना. त्यामुळे "मी तर वॉर्डलाच आहे, मला काय करायचंय" असं म्हणू नका प्लीज.

नवीन जॉइन झालेय, सगळ्यात आधी काय शिकू? व्हेंटिलेटर का ईसीजी?

श्वास मोजायला शिक. खरंच सांगते. सगळ्यांना वाटतं की हे काय, फर्स्ट इयरला झालंय, पण कुठलाही टीपीआर (ताप, पल्स, श्वास) चार्ट उघडून बघा, सकाळी रेस्पिरेशन २०, दुपारी २०, रात्री २०, बाजूच्या बेडचं पण २०. कोणी मोजलेलंच नसतं. पल्स आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) मशीन सांगतं, बीपी मशीन सांगतं, वॉर्डात श्वास मात्र आपल्यालाच उभं राहून मोजावा लागतो म्हणून तोच राहतो, आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी तोच बदलतो.

माझ्या पहिल्याच वर्षी असं झालंय. न्यूमोनियाचे एक आजोबा होते, नाइटला मी आधीच्या शिफ्टचं बघून २० लिहिलं, सॅच्युरेशन ९४ होतं, बोलत होते, मला वाटलं ठीक आहे. पहाटे ४ ला गेले तर खांदे वर-खाली होत होते, गळ्याजवळचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता, मोजलं तर ३८. तासाभरात श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागली. आजोबा वाचले पण ११ दिवस व्हेंटिलेटरवर काढले त्यांनी. मी रात्री ११ ला खरंच मोजलं असतं तर तेव्हाच ३० च्या आसपास सापडलं असतं असं मला आजही वाटतं.

तर मोजायचं कसं, पूर्ण १ मिनिट, घड्याळ बघून, आणि पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मनगट धरून पल्स बघतेय असं दाखवायचं आणि नजर छाती-पोटावर. सोबत हे पण बघा की एका दमात पूर्ण वाक्य बोलतोय का, झोपून राहू शकतोय का उठूनच बसायला मागतोय, हात गार आहेत का.

ते न्यूज स्कोअर वगैरे खरंच कामाचं असतं का, का फक्त अ‍ॅक्रेडिटेशनसाठी कागद भरायचे?

कामाचं असतं. न्यूज म्हणजे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ ला आणलेला, पेशंट किती बिघडलाय ते आकड्यात सांगणारा स्कोअर, २०१७ ला सुधारला, आता न्यूज-२ म्हणतात. ७ गोष्टी बघायच्या: श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, पल्स, शुद्धीवर आहे का आणि ताप. बेरीज ५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना लगेच बोलवायचं, ७ किंवा जास्त झाली की इमर्जन्सी. याचा खरा फायदा नवीन मुलींना आहे, कारण "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" म्हटलं तर फोनवर कोणी उठत नाही पण "सर, स्कोअर ३ वरून ९ झालाय" म्हटलं की उठतात.

रात्री डॉक्टरांना फोन करायची भीती वाटते. ओरडले तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा पण हाच आहे. कारण बिघडलेला पेशंट सिस्टरला दिसलेला असतो बऱ्याचदा, चार्टवर लिहिलेला पण असतो, फक्त तो कोणाला सांगितलेला नसतो. भीती कमी करायचा एकच उपाय मला माहितीये, फोन उचलायच्या आधी तयारी. आपण ज्याला एसबार म्हणतो ना, ती पद्धत मूळची अमेरिकन नेव्हीच्या अणु-पाणबुड्यांतली, तिथून हॉस्पिटलांत आली. आत्ता काय चाललंय, पेशंट कोण, मला काय वाटतंय, मला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. फाइल हातात, चार्ट समोर, आणि मग असं:

"सर, फीमेल मेडिकल वॉर्डातून स्टाफ बोलतेय, बेड ६ बद्दल. श्वास २६, सॅच्युरेशन ऑक्सिजनवर ९३, बीपी ९८ वर ६०, पल्स ११८, ताप १०१.२, शुद्धीवर आहेत. ५८ वर्षांच्या काकू, शुगरच्या पेशंट, काल युरिन इन्फेक्शनसाठी अ‍ॅडमिट. ६ तासांत युरिन फक्त १०० मिली झालंय. न्यूज १२ येतोय, मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघावं अशी विनंती आहे, तोपर्यंत कल्चर पाठवू का आणि दुसरी लाइन टाकून ठेवू का?"

(सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागणं, कल्चर म्हणजे जंतू शोधायची तपासणी, लाइन म्हणजे शिरेतली सलाइनची नळी.) मोजून बघा, १ मिनिट पण लागत नाही. शेवटचं वाक्य कधीच गाळू नका, कारण आपण नुसते आकडे सांगून थांबतो आणि समोरचा अर्ध्या झोपेत "बरं, वॉच करा" म्हणतो आणि फोन ठेवतो. मग "वॉच करा" म्हटलं तर विचारायचं, किती वेळ, आणि कुठला आकडा आला तर परत फोन करू? तोंडी ऑर्डर मिळाली की तीच परत म्हणून दाखवायची, औषधाचं नाव, डोस, रूट, आणि लगेच वेळ टाकून लिहायची.

आणि आले नाहीत तर? इनचार्ज सिस्टरना सांगा, मग रजिस्ट्रार, मग कन्सल्टंट. कोणाला किती वाजता फोन केला ते नोट्समध्ये लिहा. ओरडतात काही जण, हो. दुसऱ्या दिवशी राऊंडला तेच डॉक्टर "काल रात्री कोण होतं बेड ६ ला, बरं झालं बोलावलं" असं म्हणालेले पण मी ऐकलेत.

मॉनिटर वाजला की काय करायचं?

आधी पेशंटकडे बघा, मग स्क्रीनकडे. सरळ रेष दिसतेय आणि पेशंट तुमच्याशी बोलतोय तर लीड (छातीला चिकटवलेली वायर) निघालाय. स्क्रीनवर छान रिदम दिसतोय आणि पेशंट निळा पडलाय तर मानेला पल्स बघा. अलार्म बंद करून पुढे जायची सवय लावून घेऊ नका, लिमिट पेशंटप्रमाणे सेट करा म्हणजे उगाच वाजणार नाही.

माझं गणित कच्चं आहे. इन्फ्युजनचा हिशोब जमेल का?

जमेल, ठराविक चार-पाच प्रकारचीच गणितं असतात. साध्या सलाइन सेटला १ मिलीचे २० थेंब, मायक्रोड्रिपला ६०. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय म्हणजे तासाला १२५, गुणिले २०, भागिले ६०, मिनिटाला साधारण ४२ थेंब.

आता नॉरअ‍ॅड. हे पडलेलं बीपी वर ठेवायचं औषध. समजा ४ मिलिग्रॅम ५० मिलीत केलंय, म्हणजे १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलो, ऑर्डर ०.१ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट. मिनिटाला ६, तासाला ३६०, भागिले ८०, म्हणजे पंप ४.५ वर. हे एकदा वहीत स्वतः करा, मग दोन वेगळ्या वजनांचं करा, आणि ड्यूटीवर दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्र हिशोब केल्याशिवाय पंप चालू करू नका. सिरिंज संपत आली की पुढची आधीच भरून लेबल लावून ठेवा, बदलताना काही सेकंदांत बीपी पडतं. आणि नॉरअ‍ॅड चालू असलेल्या लाइनमधून दुसरं काहीही पुश करायचं नाही, आतला सगळा डोस एकदम जातो. हाताच्या लाइनवर चालू असेल तर ती जागा सारखी बघत राहा, पांढरी-गार पडली तर थांबवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा (त्याच वेळी दुसरी लाइन तयार हवी, नाहीतर बीपी जातं).

इन्सुलिनचं तर मी प्रत्येक बॅचला हातात देऊन दाखवते. आपल्याकडे व्हायल १ मिलीत ४० युनिटची पण येते आणि १०० ची पण, सिरिंज पण तशाच दोन, ४० वालीची टोपी लाल, १०० वालीची केशरी. व्हायल १०० ची आणि सिरिंज ४० ची अशी गाठ पडली तर १० युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तरी आत २५ युनिट जातात. टोपी काढून फेकली की रंग पण गेला, म्हणून भरायच्या आधी व्हायल आणि सिरिंज शेजारी धरून वाचायचं, दर वेळी.

पोटॅशियम क्लोराइड कधीही, कितीही घाई असली तरी, डायरेक्ट पुश करायचं नाही. त्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि हृदय थांबवायला तेवढं बस आहे. साध्या पाण्याच्या अँप्यूलशेजारी ते ठेवलेलं दिसलं तर त्याच मिनिटाला तिथून हलवा.

कोड ब्लूला सगळे धावतात, मी नक्की कुठे उभी राहू?

कोड ब्लू म्हणजे कोणाचं तरी हृदय थांबलंय अशी हाक. उभं राहायचं जिथे रिकामी जागा आहे तिथे, आणि मोठ्याने सांगून. "मी कॉम्प्रेशन घेते", "मी वेळ लिहिते". सगळ्यात दुर्लक्षित काम वेळ लिहिण्याचं असतं, पण त्याशिवाय अ‍ॅड्रिनॅलिन कधी दिलं कोणाला आठवत नाही, आणि ते १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी जायला हवं. कॉम्प्रेशन (छाती दाबणं) मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर २ मिनिटांनी माणूस बदला कारण थकल्यावर खोली कमी होते आणि करणाऱ्याला ते कळत पण नाही. उंची कमी असेल तर पायाखाली स्टूल घ्या, लाज कसली त्यात. एअर मॅट्रेस असेल तर हवा सोडा, पाठीखाली बोर्ड सरकवा. बीएलएस, एसीएलएसचं (हृदय थांबल्यावर जीव वाचवायचे कोर्स) सर्टिफिकेट २ वर्षं चालतं पण हात त्याच्या आधीच विसरतात, म्हणून मॅनिकिनवर मधेमधे सराव ठेवा. आणि क्रॅश कार्ट (इमर्जन्सीची ट्रॉली) शिफ्टच्या सुरुवातीला उघडून बघा, लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब टाकताना घसा बघायचं साधन) दिवा लागतोय का, अ‍ॅम्ब्यू बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मास्क आहे का.

पुण्यात काम करायचं तर वेगळं काही माहीत असायला हवं का?

हो, भरपूर. इथे शहरातला हार्ट अटॅक आणि हायवेचा अ‍ॅक्सिडेंट तर येतोच, पण भोर, वेल्हे, मुळशी, जुन्नरकडून १०८ ने साप चावलेले आणि शेतीचं औषध प्यायलेले पण येतात, खास करून पावसाळ्यात.

साप चावला असेल तर २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट आपल्याच हातात असते. स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरकी करून रक्त गोठलंय का बघायचं. ट्यूब प्लास्टिकची नको आणि साबणाने धुतलेली पण नको, रिझल्ट चुकतो. मण्यार चावली तर सूज नसतेच जवळजवळ, रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो आणि पापण्या जड झालेल्या असतात, तेव्हा पापण्या आणि श्वास दोन्ही बघत राहा. अँटी-स्नेक व्हेनम लावताना अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचं, रिअ‍ॅक्शन पहिल्या काही मिनिटांत पण येते.

डेंग्यूमध्ये घरचे सगळे प्लेटलेटच्या मागे असतात. आपण बघायचं ते वेगळं. ताप उतरतो तेव्हाच, साधारण ३ ते ७ व्या दिवसात, धोक्याचा काळ सुरू होतो, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. वरचं आणि खालचं बीपी यांत २० किंवा कमी अंतर राहिलं, पोट दुखायला लागलं, सारख्या उलट्या, हात-पाय गार, युरिन कमी, तर "ताप गेला, आता बरंय" असं नातेवाइकांना सांगत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

आणि जीबीएस, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन स्नायू कमजोर पडत जातात तो आजार. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागातून पेशंट यायला लागले, दूषित पाण्याशी संबंध लागला, काही जणांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्या महिन्यांत आम्ही सगळ्यांनी एक गोष्ट परत शिकली, की या पेशंटचं सॅच्युरेशन शेवटपर्यंत छान राहतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून सॅच्युरेशनवर विसंबायचं नाही. पेशंटला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं आणि एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावायचे, एक, दोन, तीन. एक कॉलेजचा मुलगा सकाळी ३२ पर्यंत म्हणाला, दुपारी २४, संध्याकाळी १५ वर अडकला आणि माझ्याकडे बघत राहिला, सॅच्युरेशन तेव्हाही ९८. २० च्या खाली आलं की डॉक्टरांना बोलवायला थांबायचं नाही. उशीवरून मान उचलता येतेय का, आवाज नाकातून येतोय का, थुंकी गिळता येतेय का, हे पण प्रत्येक राऊंडला. त्या मुलाला वेळेत ट्यूब पडली, धावपळ न होता, आणि दीड महिन्याने तो वॉकर घेऊन भेटायला आला होता.

सेप्सिसमध्ये नर्सचं काम काय? अँटिबायोटिक तर डॉक्टर लिहितात.

लिहितात ते, पण पेशंटच्या शरीरात जायला किती वेळ लागला हे आपल्यावर आहे. शॉक (बीपी कोसळलेलं) असेल तर तासाच्या आत पहिला डोस गेला पाहिजे. कल्चर आधी घ्या, दोन वेगळ्या ठिकाणांहून, पण व्हेन सापडत नाही म्हणून तासभर डोस अडवून ठेवू नका. लॅक्टेटची रक्ततपासणी पाठवा. फार्मसीतून औषध यायला वेळ लागतोय तर मामांना (वॉर्डबॉय) पाठवा, फोन करा, मागे लागा. मीन (सरासरी) बीपी ६५ च्या वर, युरिन तासाला किलोमागे अर्धा मिली, हे दोन आकडे डोक्यात ठेवा.

व्हेंटिलेटरची फार भीती वाटते.

मोड हळूहळू कळतात. आधी पेशंट सांभाळा: डोकं ३० ते ४५ अंश वर, कफ (ट्यूबच्या टोकाचा फुगा) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाणी, तोंडाची सफाई, सक्शन १५ सेकंदांच्या आत, ट्यूब ओठाला किती नंबरवर आहे ते प्रत्येक ओव्हरला (शिफ्ट बदलताना पेशंट ताब्यात घेताना). सॅच्युरेशन अचानक पडलं आणि कारण कळत नाहीये तर मशीन काढून अ‍ॅम्ब्यूने श्वास द्या आणि मदतीला हाक मारा, मग शोधा की ट्यूब सरकलीये, चोंदलीये, छातीत हवा झालीये का मशीनच बिघडलंय.

ओव्हर चांगला कसा घ्यायचा?

बेडपाशी, स्टेशनवर बसून नाही. बाटलीपासून पेशंटच्या हातापर्यंत प्रत्येक लाइनवर बोट फिरवा, पंपावरचा आकडा ऑर्डरशी जुळवा, पाठ वळवून कातडी बघा. घरी जायची घाई सगळ्यांनाच असते, विसर्जनाच्या दिवशी तर लक्ष्मी रोड बंद म्हणून रिलिव्हर दोन तास उशिरा येते, पण तेव्हाच चुका होतात.

एका नर्सला किती पेशंट?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्मप्रमाणे आयसीयूत एकाला एक. प्रत्यक्षात दोन-तीन येतात हे तुम्हाला पण माहितीये. जास्त आले तर इनचार्जना लेखी कळवा, नुसतं आपापसात बोलून उपयोग होत नाही.

नातेवाइकांशी काय बोलायचं? सारखं विचारतात.

विचारणारच, बाहेर पिशव्या घेऊन तीन दिवस बाकावर बसलेत ते. पेशंट वाचेल का हे डॉक्टर सांगतील, पण "काका, मशीन श्वास देतंय, झोपेचं औषध चालूये म्हणून डोळे उघडत नाहीत, आत्ताच अंग पुसून कूस बदलली" एवढं आपण सांगू शकतो, आणि तेवढ्याने माणूस खूप शांत होतो. दर शिफ्टला एकदा स्वतःहून बाहेर जा. घरच्यांपैकी एकाशीच बोला असं आधी ठरवून घ्या, नाहीतर दहा जणांपर्यंत दहा गोष्टी पोचतात. केरळहून आलेल्या आमच्या कितीतरी स्टाफ "आजी, दुखतंय का", "श्वास घ्या, सोडा" एवढं मराठी पहिल्या महिन्यात शिकतात आणि आजींचा हात त्या मुलींच्या हातातून सुटत नाही मग.

कोणी अंगावर आलं तर एकटं उभं राहू नका, सिक्युरिटीला बोलवा. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, हॉस्पिटल स्टाफवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

कुठला कोर्स करू?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) ३ वर्षं किंवा बीएस्सी ४ वर्षं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आणि मग किमान वर्ष-दोन वर्षं वॉर्ड. त्यानंतर क्रिटिकल केअरचा १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा चांगला आहे, बीएस्सीवाल्यांना २ वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर पण आहे. ब्रदर्सना पण अगदी तेच लागू.

माझ्या हातून चूक झाली तर?

लगेच सांग. आधी पेशंट बघ, मग डॉक्टर, मग इनचार्ज, मग इन्सिडेंट फॉर्म. चार्टमध्ये खाडाखोड करू नको. माझ्या ज्युनियर वयात एक अँटिबायोटिक शेजारच्या बेडला गेलं होतं माझ्याकडून, सांगायला गेले तेव्हा पाय थरथरत होते. इनचार्ज सिस्टरनी आधी विचारलं "अ‍ॅलर्जी बघितलीस का?" आणि माझ्यासोबत बेडपर्यंत आल्या. मी इनचार्ज झाल्यापासून कोणी चूक सांगायला आलं की मी पण आधी खुर्चीतून उठते.

पहिला पेशंट गेला. घरी जाऊन जेवण जात नाहीये. माझ्यात काही कमी आहे का?

नाही गं. पहिला कोणीच विसरत नाही. त्या रात्री तू त्यांच्या लाइन काढल्यास, तोंड पुसलंस, केस नीट केलेस, चादर बदललीस, मग मुलीला आत घेऊन आलीस, हे पण नर्सिंगच आहे आणि ते तू नीट केलंस. सोबतच्या कोणाशी तरी बोल, ज्या शिफ्टला होत्या त्यांच्याशीच बोललीस तर बरं. आठवडाभराने पण झोप लागत नसेल तर इनचार्जना सांग, समुपदेशकाकडे जायला पण अजिबात लाजू नको. आणि उद्या ड्यूटीला आलीस की आधी माझ्याकडे ये, त्या बेडला नवीन पेशंट आलेला असेल, ओव्हर आपण दोघी मिळून घेऊ.